उसना मी

तुमच्या कामात सगळ्यात अवघड काय, असं कुणी विचारलं की दुभाषीबाई म्हणायच्या, "मी म्हणणं." लोकांना वाटायचं, बाई थट्टा करताहेत. पण दुभाष्याचा पहिला नियमच तो. समोरचा म्हणाला, ‘मला भूक लागली,’ तर आपणही म्हणायचं, ‘मला भूक लागली.’ ‘यांना भूक लागली आहे’ असं म्हटलंत की तुम्ही मधे आलात. दोन माणसं बोलत असताना मधे तिसरं कुणी बसलंय, हे त्या दोघांनी विसरायला हवं. म्हणून बाई दिवसभर दुसऱ्यांचा ‘मी’ उसना घेऊन बोलायच्या. मी रागावलोय, मी कबूल करतो, मला हा भाव परवडत नाही. संध्याकाळी घरी आल्या की आधी चूळ भरायच्या. नवरा म्हणायचा, "हिचं स्वतःचं बोलणं दिवसभर साठून राहतं. ते मग रात्री आमच्यावर सांडतं."

स्पॅनिश त्यांनी कॉलेजात घेतलं ते निव्वळ हट्टानं. वडील म्हणत होते, टायपिंग शीक, पोटापाण्याला होईल. लग्नानंतर सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "ही भाषा येते म्हणतेस, ती बोलणार कुणाशी? भिंतींशी?" आणि खरंच, बरीच वर्षं भिंतींशीच. दोन-चार शिकवण्या, एखाद्या औषधाच्या डब्यावरच्या सूचना, बस्स. मग शहराच्या कडेला ते भलंमोठं शीतगृह उभं राहिलं. मासळी आणि फळं गोठवून बाहेर पाठवणारं. त्याची यंत्रं आली समुद्रापलीकडून, आणि यंत्रांमागून ती जोडणारी माणसं आली, ज्यांना स्पॅनिशखेरीज काही येत नव्हतं. बाईंचे दिवस पालटले. सासूबाई तेव्हा हयात नव्हत्या, याचं बाईंना मनापासून वाईट वाटलं. त्यांना दाखवायचं राहून गेलं.

कामात बाई कडक. एक शब्द पदरचा घालायचा नाही, एक शब्द गिळायचा नाही. शिव्यासुद्धा जशाच्या तशा. एकदा एका पाहुण्या इंजिनिअरनं मॅनेजरना गाढव म्हटलं, तर बाईंनी पापणी न लववता मॅनेजरना गाढव म्हटलं. मॅनेजर हसले. त्यांना कधी राग यायचाच नाही, आवाज चढायचाच नाही, म्हणून कामगारांनी त्यांचं नाव थंडोबा ठेवलं होतं. उलट त्या गाढवानंतर त्यांचा बाईंवर विश्वास बसला. बाईंची मुलगी रसायनशास्त्र घेऊन पास झाली आणि वर्षभर घरात बसली, तेव्हा तिला शीतगृहाच्या प्रयोगशाळेत त्यांनीच लावून घेतलं. बाईंना त्या नोकरीनं जितका आनंद झाला तितकाच घोर लागला. प्रयोगशाळा होती बरोबर कॉम्प्रेसरच्या खोलीच्या वर. रोज सकाळी मुलीला डबा देताना विचारायच्या, "खिडकी उघडी ठेवतेस ना?" मुलगी म्हणायची, "आई, तिथली खिडकी उघडतच नाही." आणि बाईंचा सगळा दिवस त्या न उघडणाऱ्या खिडकीत जायचा.

त्या वर्षी जो फिटर आला तो दारातून वाकून आत यायचा. कामगारांनी पहिल्याच दिवशी त्याचा लांबू केला. तिशीचा असेल. दुपारी जेवण झालं की आईला फोन लावायचा. पलीकडून प्रश्नांची सरबत्ती: जेवलास का, झोपलास का, टोपी घातलीस का. तो हो, हो, हो म्हणत राहायचा आणि बाईंकडे बघून डोळे फिरवायचा. बाईंना त्या न पाहिलेल्या बाईचा जिव्हाळा वाटायला लागला होता. आपल्या जातीची दिसते, त्या मनात म्हणायच्या. काळजी करणाऱ्यांच्या जातीची.

लांबूच्या तोंडी एक शब्द फार. कोन्सिएन्सिया. नट नीट बसला नाही तर माझी कोन्सिएन्सिया मला झोपू देत नाही, म्हणायचा. कुणी काम उरकलं की म्हणायचा, याला कोन्सिएन्सिया नाही. शब्दकोशात त्याच्यासमोर आपला शब्द आहे सदसद्विवेकबुद्धी. भला थोरला, संस्कृतातून पागोटं घालून आलेला शब्द. पण तो घरात कोण बोलतं? बक्षीस समारंभात बोलतात, शपथविधीत बोलतात. घरात आपण म्हणतो, मन खातं. म्हणतो, जनाची नाही तर मनाची तरी ठेव. त्यांच्याकडे मात्र हाच एक शब्द सगळीकडे चालतो. भाजीवाली म्हणते, आजी नातवाचा कान धरून म्हणते, माणूस शुद्धीवर आहे की नाही हे सांगायलाही तोच वापरतात. बाई कामगारांना सांगताना लांबूच्या कोन्सिएन्सियाचं ‘मन’ करायच्या. "नट सैल राहिला तर मला मन खातं," असं त्यांनी लांबूच्या वतीनं सांगितलं की कामगार मान डोलवायचे. त्यांना कळायचं.

मग तो दिवस. नवा कॉम्प्रेसर जोडून झाला होता आणि आत जाऊन व्हॉल्व उघडायचा होता. अमोनिया गळला तर तो पकडून वाजणारा एक भोंगा त्या खोलीत असतो. लांबू दारात थांबला.

"भोंगा चालू आहे ना? नसेल तर मी आत जाणार नाही."

बाईंनी थंडोबांना ते सांगितलं.

"चालू आहे. माझा शब्द आहे," थंडोबा म्हणाले.

बाई लांबूकडे वळल्या. मान वर करून, त्याच्या डोळ्यांत बघून त्यांनी स्पॅनिशमधून सांगितलं, "चालू आहे. माझा शब्द आहे."

"मग काय प्रश्न आहे," लांबू म्हणाला, आणि जाता जाता त्यानं थोपटलं ते बाईंच्या खांद्यावर. थंडोबा शेजारीच उभे होते.

व्हॉल्वचा सांधा गळत होता. भोंगा वाजला नाही. लांबू दरवाज्यापर्यंत पोचला होता, असं नंतर कळलं. दरवाजा बाहेरून ओढून उघडला तेव्हा त्याला टेकून बसलेला लांबू बाहेर कलंडला.

दोन दिवसांनी कँटीनमधे इलेक्ट्रिशियन बाईंच्या समोर येऊन बसला. त्याचा चहा निवत चालला होता.

"वायर आधीपासूनच सुटी होती, बाई. भोंगा उगाच वाजायचा. वाजला की सगळे बाहेर, काम ठप्प. साहेब म्हणाले, काढून ठेव, हा लॉट जाऊ दे, मग बघू."

"कुणाला सांगितलंस हे?"

"तुम्हाला सांगतोय की."

"मला सांगून काय उपयोग?"

"तुम्ही शिकलेल्या. मला घरी तीन तोंडं आहेत."

मग बाईंनी जो प्रश्न विचारला तो पुढे त्यांना आयुष्यभर पुरला. त्यांनी विचारलं, "आता जोडली ना?"

"त्याच दिवशी जोडली."

आणि बाईंना हायसं वाटलं. वरच्या मजल्यावर मुलगी होती, खिडकी उघडत नव्हती, आणि आता खाली भोंगा चालू होता. एक मेलेला माणूस अजून शवागारात होता आणि त्यांना हायसं वाटलं. घोटभर चहासुद्धा गोड लागला.

कंपनीनं ठरवलं ते असं: भोंग्याच्या आवाजाचा त्रास होतो म्हणून वायर फिटरनं स्वतःच काढली. मेलेला माणूस नाही म्हणायला येत नाही. पण त्याची आई आली.

बाईंनी मनात उंच बाई धरली होती. आली ती खांद्याला लागेल एवढी, करडा कोट घातलेली, हातातली पिशवी मांडीवरून न हलवणारी म्हातारी. मीटिंगच्या खोलीत तिच्यासमोर थंडोबा, त्यांच्या बाजूला कंपनीचे वकील, आणि टेबलाच्या टोकाला बाई. वकिलांसमोर एक कागद होता. चूक मुलाची होती, आमची तक्रार नाही, एवढं तिनं त्यावर मान्य केलं की मुलाला शवागारातून घेऊन जाता येणार होतं.

थंडोबांनी दुःख व्यक्त केलं. मग वायरचं सांगितलं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं.

"माझा मुलगा झोपायच्या आधी स्वयंपाकघरात जाऊन गॅसची कळ बघायचा," ती म्हणाली. "झोपला तरी परत उठून बघायचा. मी ओरडायचे त्याला, की अरे, वेडा आहेस का. तो वायर काढेल?"

"कामाच्या घाईत माणूस चुकतो," थंडोबा म्हणाले. बाईंनी सांगितलं.

"मला भांडायचं नाही. भांडून काय मिळणार आहे मला? पण तो त्याच्या चुकीनं गेला की नाही, एवढं मला कळायला हवं. मला पुढे जगायचंय. ह्या गृहस्थांनी आपल्या कोन्सिएन्सियावर सांगावं, मी सही करते."

बाईंनी ते थंडोबांना सांगितलं. आणि सांगताना, का कोण जाणे, कामगारांशी बोलताना वापरायच्या तो ‘मन’ हा शब्द त्यांना सुचला नाही. शब्दकोशातला शब्द आला. "तुमच्या सदसद्विवेकबुद्धीला स्मरून सांगा."

थंडोबांच्या कपाळावरची आठी गेली. हा शब्द त्यांच्या ओळखीचा होता. दर वर्षी सुरक्षा सप्ताहात ते तो माइकवरून बोलायचे.

"अहो, त्यात काय," ते म्हणाले. "सदसद्विवेकबुद्धीला स्मरून सांगतो, वायर त्यांनीच काढली होती."

टेबलावर प्लॅस्टिकची फुलं होती. थंडोबांच्या तोंडी त्या शब्दाला त्या फुलांइतकाच वास होता. बाईंच्या ते लक्षात आलं. हेही लक्षात आलं, की आता हे वाक्य पलीकडे जाईल तेव्हा त्याचं वजन बदलणार. समारंभातला शब्द इकडून निघेल आणि तिकडे एका आईच्या स्वयंपाकघरात जाऊन पडेल. ‘मॅनेजर असं म्हणताहेत’ एवढं जरी मधे घातलं तरी म्हातारीला धागा सापडला असता. पण ते नियमात बसत नव्हतं. आणि नियमाच्या आडोशाला उभं राहणं किती सोयीचं असतं, तेही बाईंना कळत होतं. वरच्या मजल्यावर मुलगी काम करत होती.

त्या म्हातारीकडे वळल्या आणि म्हणाल्या, "माझ्या कोन्सिएन्सियावर सांगते, वायर त्यानंच काढली होती."

म्हातारी त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिनं पेन मागितलं.

हॉटेलवर सोडायला कंपनीची गाडी होती. पुढे ड्रायव्हरकाका, मागे दोघी. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हातारीनं बाईंचा हात हातात घेतला.

"मुली, त्या माणसावर माझा विश्वास नव्हता. तो टेबलाकडे बघत होता. तू माझ्याकडे बघत होतीस. तुला मुलंबाळं आहेत?"

"एक मुलगी."

"वाटलंच मला. तू म्हणालीस म्हणून मी सही केली. बरं झालं. आता कुणाला शिव्याशाप देत बसायला नको. माझंच पोर चुकलं. इतकी वर्षं मी त्याला वेडा म्हणत होते, आणि एकदा, एकदाच, त्यानं कळ बघितली नाही."

बाईंना ते ऐकवेना. बाकी सगळं त्यांनी गिळलं असतं. पण ही बाई आता उरलेलं आयुष्य आपल्या मुलाला दोष देत काढणार, आणि तेही आपल्या शब्दावर.

"ते मी म्हटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "ते त्यांचं वाक्य होतं. मी फक्त भाषा बदलली."

"मग तुझं वाक्य काय?"

इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. बाईंनी सांगितलं. वायर, लॉट, इलेक्ट्रिशियन, सगळं. सांगताना त्यांना हलकं वाटायला लागलं, आणि आता ही आपल्याला जवळ घेईल असंही क्षणभर वाटून गेलं. म्हातारीनं आपला हात काढून घेतला आणि पिशवीवर ठेवला.

"तिथे बोलताना तुला हे माहीत होतं?"

"हो."

"आणि तो आत गेला तेव्हा? भोंगा चालू आहे असं त्याला कुणी सांगितलं?"

"मॅनेजरनी. तेव्हा मला माहीत नव्हतं, देवाशपथ."

"मॅनेजरची भाषा त्याला येत नव्हती. कुणाच्या तोंडून ऐकलं त्यानं?"

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. ड्रायव्हरकाकांनी आरशातून बघितलं आणि नजर रस्त्यावर नेली.

"गाडी फिरवायला सांग," म्हातारी म्हणाली.

"परत जाऊन काय होणार? सही झाली आहे."

"ते मी बघेन. मी बोलेन, तू सांग. तुझं कामच ते आहे ना?"

थंडोबा केबिनमधेच होते. वकील गेले होते. म्हातारी बसली नाही. ती उभ्यानंच बोलली आणि बाई तिच्या शेजारी उभ्या राहून सांगत गेल्या.

"माझ्या मुलानं वायर काढली नाही."

"माझ्या मुलानं वायर काढली नाही."

"ती तुम्ही काढायला लावलीत. काम थांबू नये म्हणून."

"ती तुम्ही काढायला लावलीत. काम थांबू नये म्हणून." बाईंचा आवाज नेहमीसारखा सपाट होता. हे दुसऱ्याचं वाक्य होतं. यात भिण्यासारखं काही नव्हतं.

"हे मला हिनं सांगितलं." म्हातारीनं हनुवटी बाईंच्या दिशेला केली.

बाई म्हणाल्या, "हे मला कळलं आहे."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक शब्द गिळला.

थंडोबांनी हनुवटी बघितली होती. हनुवटीला दुभाषी लागत नाही. पण ते थंडोबा. त्यांनी टेबलावरचं पेन सरळ करून ठेवलं आणि वर बघून अगदी हळू विचारलं, "कुणाकडून कळलं म्हणतात?"

"ते त्या सांगत नाहीत," बाई म्हणाल्या.

मग म्हातारी बाईंकडे वळली. रागावलेली नव्हती, एखादा हिशेब उलगडावा तशी बोलली.

"आत्ता त्यानं प्रश्न विचारला. वर बघून विचारला, म्हणजे प्रश्नच होता. तू तो मला सांगितला नाहीस. आणि उत्तर दिलंस."

बाईंनी तोंड उघडलं, पण कुठल्या भाषेत बोलायचं ते ठरेना.

"काय म्हणतात?" थंडोबांनी विचारलं.

"काही नाही. दमल्या आहेत."

"दमणारच. तुम्हीही दमलात." थंडोबा उठले. "मुलगी कशी आहे तुमची? रमली का प्रयोगशाळेत?"

"रमली, साहेब."

"हुशार आहे. जपा तिला."

"काय म्हणाला?" म्हातारीनं विचारलं.

खोलीत जे बोललं जाईल ते सगळं सांगायचं, हाही नियमच होता. बाई म्हणाल्या, "तुमच्याविषयी नव्हतं."

म्हातारीनं मान हलवली. गाडीत ती बाईंना ‘तू’ म्हणत होती. आता ती म्हणाली, "तुम्ही आता घरी जा. मला तुमची गरज नाही." तिनं कोटाची बटणं लावली आणि भाषा न येणाऱ्या त्या इमारतीतून, पाट्या न वाचता, एकटीच जिना उतरून गेली.

मुलीची नोकरी राहिली. बाईंना मात्र शीतगृहाचं बोलावणं आलं नाही. यंत्रवाल्यांच्या बोलण्याचं आता एक मशीनच भाषांतर करतं, असं मुलगी सांगायची. मशीनचं बरं असतं, त्याला समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. मन खातं का, असं विचारायला घरात कुणी नव्हतं, कारण घरात बाईंनी काही सांगितलंच नव्हतं. मुलगी रोज वेळेवर घरी येत होती, आणि ती आली की बाईंना रोज हायसं वाटायचं, आणि वाटलं की रोज ते तोंडात कडू व्हायचं.

पुढे एकदा बाजारात ड्रायव्हरकाका भेटले. म्हातारीला विमानतळावर त्यांनीच सोडलं होतं.

"काही म्हणाल्या का त्या?" बाईंनी विचारलं.

"म्हणाल्या का? अहो, सबंध रस्ता बोलत होती म्हातारी. पुढच्या सीटवर येऊन बसली, माझ्या शेजारी. मुलाचा फोटो दाखवला, लहानपणचा. मग बोलतच सुटली. मधेच हसायची, मधेच डोळे पुसायची. मी आपला हं, हं करत होतो."

"काय बोलत होत्या?"

"मला काय कळणार, बाई? एक अक्षर कळत नव्हतं." काकांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मी खुणेनं विचारलं तिला, की दुभाषीबाईंना फोन लावू का, म्हणजे मला कळेल. तर तिनं माझा हातच धरला. नको म्हणाली. ते तेवढं कळलं मला."